रद्दी गोळा करणाऱ्या शाळांनो, वही कुठल्या कागदाची घेता?

प्रति,
पुणे शहर व परिसरातील शाळांची संचालक मंडळं, मुख्याध्यापक आणि पालक-शिक्षक संघांचे सभासद

विषय : जूनच्या वह्यांच्या कोटेशनमधली कागदाची ओळ

स. न. वि. वि.

मार्च लागला की तुमच्याकडून आमच्याकडे कोटेशनची पत्रं यायला लागतात. वह्या किती, पानं किती, एकेरी-दुरेघी-चौकटी किती, कव्हरवर शाळेचं बोधचिन्ह कुठं, आणि मग कागदाची ओळ. ही ओळ हल्ली बहुतेक शाळांची सारखीच असते. कुणीतरी एकदा लिहिली आणि बाकीच्यांनी उतरवून घेतली असावी, इतकी सारखी. मॅपलिथो, ७० जीएसएम, ब्राइटनेस ९०च्या वर, शुभ्र. (मॅपलिथो म्हणजे गुळगुळीत, जास्त पांढरा कागद; जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन.) हे पत्र त्या एका ओळीपायी लिहितोय.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. माझा वह्या बनवण्याचा धंदा आहे. वडिलांनी रूलिंगच्या, म्हणजे रेघा आखायच्या, एका मशीनवर सुरू केला, दस्ते घरी आणून आई आणि काकू टाचायच्या. आता मशीनं वाढली, माणसं वाढली. कागद तुम्ही कुठलाही सांगा, माझी बांधणीची मजुरी तेवढीच राहते. रिसायकल कागदाच्या वहीत मला दोन पैसे जास्त सुटत नाहीत. उलट लहान ऑर्डरला तो कागद मिळवताना दमछाक होते. तरी लिहावंसं वाटलं, कारण मागच्या वर्षीची एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

शहरातल्याच एका शाळेनं, नाव सांगत नाही, पर्यावरणाला धरून असलेली वही मागितली. आम्ही रिसायकल क्रीमवोव्हचा, म्हणजे साध्या, किंचित पिवळसर कागदाचा लॉट लावला, नमुना दाखवला, होकार घेतला, वह्या पोचवल्या. तिसऱ्या दिवशी फोन. कागद पिवळट आहे, पालक विचारतायत की शाळेनं रद्दीच्या वह्या गळ्यात मारल्या का. माल परत घ्या. टेम्पो घेऊन मी स्वतः गेलो. फाटकाच्या आत रद्दी संकलन मोहिमेचा मोठा फलक, त्याखाली मुलांनी घरून आणलेल्या जुन्या वह्या-पुस्तकांचे गठ्ठे छातीएवढे रचलेले. ड्रायव्हरनं दोन्हीकडे बघितलं आणि विचारलं, "मालक, हे पण न्यायचंय का?"

त्या शाळेवर माझा राग नाही. नमुन्याचं एक पान हातात धरून बघणं वेगळं आणि वीस वर्षं पांढऱ्याशुभ्र वहीची सवय झालेल्या पालकांना तोंड देणं वेगळं. पण ते फलकाखालचे गठ्ठे पुढे कुठे जातात, हे तुमच्यापैकी किती जणांनी बघितलंय?

रद्दीवाल्याकडे ते आधी निवडले जातात. वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा, चकचकीत मासिकं वेगळी, आणि वह्या-पुस्तकांची पांढरी रद्दी वेगळी. या पांढऱ्या रद्दीला भाव चांगला, कारण तिच्यातला तंतू चांगला. मग गठ्ठे दाबून गाड्या गिरण्यांकडे, आमच्या भागातून बऱ्याच वापीच्या पट्ट्यात. तिथं भल्यामोठ्या मिक्सरसारख्या हौदात रद्दी पाण्यात भिजवून घुसळतात. पिना, वाळू, प्लॅस्टिक चाळण्यांमध्ये अडकतं. शाई काढायची असेल तर लगद्यात साबणासारखं रसायन घालून खालून हवा सोडतात; शाईचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि तो काळा फेस वरून काढून टाकतात. चुलीवर उकळत्या वरणाचा फेस काढावा, तसं. खाली उरतो तो लगदा.

आपल्या देशात बनणाऱ्या कागदापैकी जवळपास ७० टक्के कागद असा रद्दीपासूनच बनतो. हे ऐकून पालकसभेत टाळ्या पडतील, पण त्यातला फार मोठा वाटा खोक्यांचा आणि पुठ्ठ्याचा आहे. मिठाईचा बॉक्स फाडून बघा. वरून पांढरा, आतून राखाडी. तुमच्या शाळेतल्या पाचवीच्या गणिताच्या वह्या बहुतेक त्या राखाडी पोटात जाऊन बसतात. त्यांची पुन्हा वही करता येते, तेवढी यंत्रसामग्री देशात आहे. पण वहीचं गिऱ्हाईक ९०च्या वर ब्राइटनेस मागतं, म्हणून गिरणीवाला म्हणतो की कशाला त्या भानगडीत पडा, खोक्याला मागणी आहेच. कागदाचा तंतू पाच ते सात वेळा फिरवता येतो, दर फेऱ्याला थोडा आखूड होत जातो. वहीच्या कागदातला पहिल्या दमाचा तंतू आपण पहिल्याच फेऱ्यात खोक्याच्या पोटात घालतो. घरी आलेला हापूस थेट आंबोशीला कापावा, तसं हे.

तर ब्राइटनेस. हा शब्द कोटेशनमध्ये आला की सगळ्यांना वाटतं कागदाचा दर्जा. तो दर्जा नव्हे. कागदावरून निळसर प्रकाश किती परावर्तित होतो त्याचं ते माप आहे. आपल्या आया पांढऱ्या शर्टाला टिनोपाल द्यायच्या ना? कागदात त्याच कुळातली रसायनं घालून हा आकडा वर नेतात. टिनोपाल दिलेला शर्ट जास्त टिकतो असं कुणी म्हणत नाही. कागदाच्या बाबतीत मात्र आपण अगदी तेच म्हणतो. साध्या क्रीमवोव्ह कागदाचा आकडा ८०च्या आसपास असतो, आणि आपण सगळे, तुमचे आजचे मुख्याध्यापक धरून, त्याच कागदावर मुळाक्षरं गिरवून मोठे झालो. ट्यूबलाइटखाली झगझगीत पानावर तासभर अक्षरं लिहायची की किंचित उबदार रंगाच्या पानावर, हे वर्गातल्या बाईंना विचारून बघा.

दुसरी तक्रार असते, शाई फुटते. फुटते, मान्य. पण त्याला रद्दी कारणीभूत नसते. लगद्यात किंवा कागदाच्या पृष्ठभागावर जी खळ बसवतात, ज्याला आम्ही साइझिंग म्हणतो, ती कमी पडली की शाई फुटते. नव्या लाकडाच्या कागदातही गिरणीनं हात आखडला तर फुटतेच. चांगल्या रिसायकल कागदावर शाईपेनानं लिहा, मागे डाग उमटणार नाही. उलट या कागदात बारीक तंतू जास्त असल्यामुळे एका बाजूचं अक्षर दुसऱ्या बाजूनं कमी दिसतं. त्याचा तोटा म्हणाल तर बारीक भुसा. रूलिंगच्या वेळी मशीनवर पांढरी पूड जास्त जमते, पुसावी लागते, ती आमची डोकेदुखी. आणि मधूनच एखादा काळा ठिपका दिसतो, फेसाबरोबर वर न आलेला शाईचा कण. काही पालकांना तो ठिपका म्हणजे घाण वाटते. त्यांना माझं एवढंच सांगणं की वहीला घालायला तुम्ही जो खाकी कागदाचा रोल आणता, तो बहुतेक वेळा रद्दीचाच असतो. बाहेरून चालतो आणि आत चालत नाही, याला काय म्हणायचं?

टिकण्याचं म्हणाल तर आपला इतिहासच चिंध्यांच्या कागदावर लिहिलेला आहे. दौलताबाद आणि खुलताबादच्या मधल्या कागजीपुऱ्यात चौदाव्या शतकापासून कागद बनत आलाय. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला. पुण्यात कसब्यात कागदीपुरा अजून आहे; नाव राहिलं, कागद गेला. हे सगळे कारागीर लाकूड वापरत नव्हते. जुने कपडे, दोरखंड, गोणपाट कुटून लगदा करायचे. लाकडाच्या लगद्याचा कागद जगातच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळला. त्याआधीचा, जुन्या सरकारी दप्तरांतला मोडी लिपीतला कागद आजही उलगडून वाचता येतो. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४०पासून कापडाच्या कातरणांचाच कागद करते, आणि राज्यघटनेची हिंदी हस्तलिखित प्रत ज्या कागदावर उतरवली, तो पुण्यातल्या हातकागद केंद्रातला होता. अर्थात, सुती चिंधीचा तंतू लांब आणि ऑफिसच्या रद्दीचा आखूड. दोघांना एका मापानं मोजणं लबाडी होईल. जन्मनोंदींची रजिस्टरं किंवा दाखल्यांची बुकं रिसायकल कागदावर करा, असं मी म्हणणार नाही. पण भूगोलाची वही एप्रिलमध्ये संपते आणि मे महिन्यात रद्दीत जाते. तिला शंभर वर्षांचं आयुष्य कशाला हवं?

तुमच्या फलकांवर एक वाक्य हमखास असतं, एक टन कागद वाचवा, सतरा झाडं वाचवा. या आकड्यावरून माझं आणि शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचं नेहमी वाजतं. तो हिशोब परदेशातल्या झाडांच्या मापावर बेतलेला आहे. आपल्याकडच्या गिरण्यांना लागणारं बरंचसं लाकूड शेतकऱ्यांनी बांधावर किंवा पडीक जमिनीत लावलेल्या निलगिरी-सुबाभळीचं असतं. चार-पाच वर्षांत तोडायचं, पुन्हा लावायचं. त्यामुळे वही रिसायकल घेतली म्हणून ताम्हिणीतलं जंगल वाचलं, असं मुलांना सांगू नका. मोठेपणी त्यांना कळलं की ती बाकीचं खरंही खोटं समजतील. खरा फायदा पाणी, वीज आणि रसायनांत आहे, कारण लाकडातून तंतू सोडवण्याचं मोठं काम इथं आधीच झालेलं असतं. आणि दुसरा फायदा माणसांचा.

त्या माणसांसाठी पुण्यात कुठं लांब जायला नको. १९९३ साली इथं कचरावेचकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. नावातला पहिला शब्द बघा. २००८पासून स्वच्छ सहकारी संस्थेच्या ताया तुमच्या दारात सकाळी येतात, त्यांच्या कमाईत रद्दीच्या विक्रीचा वाटा असतो. तो भाव कसा ठरतो? चीननं २०१८पासून मिश्र रद्दी घेणं बंद केलं आणि २०२१पासून परदेशी कचऱ्याला दारच लावून घेतलं. तिकडे जाणारी अमेरिका-युरोपची रद्दी दुसऱ्या देशांकडे वळली, आपल्याकडेही आली, आणि इथल्या रद्दीच्या भावावर दाब आला. गिरणीला बाहेरची निवडलेली रद्दी जहाजानं दारात मिळत असेल, तर कोथरूडच्या ताईच्या पोत्याला कोण विचारणार? रद्दी देण्यानं तिचा भाव वाढत नाही. रद्दीतून बनलेली वस्तू कुणीतरी पैसे मोजून घेतो, तेव्हा वाढतो. संकलनाचा फलक लावून तुम्ही पुरवठा वाढवता आणि ब्राइटनेस ९० लिहून मागणी तोडता, एकाच लेटरहेडवर.

म्हणून कोटेशनची ती ओळ यंदा बदलून बघा. क्रीमवोव्ह किंवा मॅपलिथो, ५८ ते ६० जीएसएम, नैसर्गिक छटा चालेल, शाईपेनानं लिहिल्यावर शाई फुटता कामा नये, आणि कागदात वापरून झालेल्या रद्दीचं प्रमाण किती ते गिरणीच्या लेखी पत्रासह कळवावं. ७० जीएसएमची गरज मला तरी दिसत नाही. २४ बाय १८ सेंटिमीटरची २०० पानी वही ७० जीएसएममध्ये सुमारे ३०० ग्रॅम भरते, ५८मध्ये २५०. सहा वह्यांमागे ३०० ग्रॅम दप्तरातून कमी. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, असं शासनानं २०१५मध्ये सांगितलं आहे. त्या दहा टक्क्यांसाठी तुम्ही डबा हलका करा, पाण्याची बाटली अर्धी भरा असं सांगता, पण कागद जाड मागता.

त्या ओळीतला "वापरून झालेल्या रद्दीचं" हा शब्दप्रयोग गाळू नका, कारण पळवाट तिथंच आहे. आमच्या कटिंग मशीनवर वहीच्या तीन बाजूंची कातरण निघते. कोरी करकरीत, कुणाच्या हातालाही न लागलेली. ती गिरणीत परत जाते आणि लगद्यात पडते. काही जण तिच्याही जिवावर रिसायकल असा शिक्का मारतात. खोटं नाही, पण तुमच्या मुलांनी आणलेल्या गठ्ठ्यांशी त्याचा काही संबंध नाही. तसंच वुडफ्री या शब्दाचं. शाळांच्या पत्रांत तो शब्द हल्ली मोठ्या कौतुकानं येतो. कागदाच्या धंद्यात वुडफ्रीचा अर्थ लाकूड नसलेला असा होत नाही. लाकूड रसायनानं शिजवून केलेला लगदा, एवढाच होतो. झाडाचाच कागद तो. आणि मातकट तपकिरी रंग म्हणजे रिसायकल, हाही एक गोड गैरसमज. नव्या लाकडाचा, ब्लीच न केलेला क्राफ्ट कागदही तपकिरीच असतो, आणि तो महाग विकला जातो.

भरवशाची खूण हवी तर सरकारनं १९९१मध्येच काढून ठेवली आहे, इकोमार्क. तिचं चिन्ह मातीचा माठ. लिहिण्या-छापण्याच्या कागदासाठी तिची एक अट होती की लगद्यातला किमान ६० टक्के भाग बांबू किंवा लाकडाव्यतिरिक्त दुसऱ्या कशाचा तरी असावा, म्हणजे रद्दी, उसाचं चिपाड, गव्हाचा पेंढा. किती वह्यांवर तो माठ तुम्ही बघितलाय? मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, मला हाताच्या बोटांवर मोजता येतील. गिऱ्हाइकानं विचारला नाही, गिरण्यांनी घेतला नाही. २०२४मध्ये इकोमार्कचे नवे नियम आले आहेत, त्यामुळे विचारायला आता निमित्तही आहे. (उसाच्या चिपाडाचं म्हणाल तर इतके साखर कारखाने असलेल्या राज्यात ते बहुतेक बॉयलरमध्ये जळून वीज होतं. त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल, पण ते कारखान्यांच्या संचालकांना.)

आता पालकांना थोडं. कव्हरला चकचकीत लॅमिनेशन हवं, हा आग्रह तुमचा असतो, शाळेचा नसतो. ते लॅमिनेशन म्हणजे प्लॅस्टिकचा पापुद्रा. हौदात कागद विरघळतो, तो विरघळत नाही. पिनेची काळजी करू नका, ती चाळणीत किंवा चुंबकाला सापडते. त्रास देतो तो प्लॅस्टिकचा पापुद्रा, आणि कण्यावर लावलेला गरम गोंद, जो लगद्यात बारीक चिकट गोळ्या होऊन फिरत राहतो आणि नव्या कागदाला भोकं पाडतो. तेव्हा मधोमध पिनेची, साध्या कव्हरची वही घ्या. फार तर वार्निश. आणि वरून प्लॅस्टिकचं आवरण घालायचं असेल तर वर्ष संपल्यावर काढून पुढच्या वहीला घाला. आमच्या लहानपणी असंच असायचं.

शिवाय रिसायकलच्याही आधी येतात ती कोरी पानं. मे महिन्यात रद्दीत येणाऱ्या वह्या मी उगाच चाळतो, जुनी खोड आहे. चित्रकला, मूल्यशिक्षण, कार्यानुभव यांच्या वह्या अर्ध्याअधिक कोऱ्या असतात. विषयाला एक वही आणि शिवाय गृहपाठाला वेगळी, ही पद्धत कुणी लावली कोण जाणे. शासनानं २०२३-२४पासून दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घालून बघितली आणि जानेवारी २०२५मध्ये तो प्रयोग मागे घेतला. तो फसला, तरी प्रश्न रास्त होता. वह्या बनवणारा माणूस तुम्हाला कमी वह्या घ्या असं सांगतोय, माझ्या मुलाला हे पत्र दाखवलं तेव्हा तो याच ओळीवर थांबला आणि डोक्याला हात लावून बसला. पण १०० पानी वही पुरत असेल तिथं २०० पानी मागू नका. कमी पडली तर दुसरी मिळते.

अडचण खरी आहे ती प्रमाणाची. हजार मुलांच्या शाळेला मुलामागे बारा वह्या धरल्या तर साधारण तीन टन कागद लागतो. गिरणी तीन टनांसाठी वेगळ्या छटेचा, वेगळ्या मापाचा कागद चालवून देत नाही. निदान एका गाडीचा माल, नऊ-दहा टन, तरी मागते. म्हणून एकट्या शाळेनं मागितलं की आम्ही नाइलाजानं बाजारात पडलेला जो मिळेल तो रिसायकल कागद उचलतो, आणि मग छटा जुळत नाही, आणि मग टेम्पो परत येतो. चार-पाच शाळांनी मिळून एकच ओळ लिहिली, एकच माप ठेवलं, तर गिरणीच तुमच्या दारात नमुने घेऊन येईल. पुरवठादार तुम्ही कुणीही निवडा, मीच असायला हवा असं काही नाही. पालकांवर एकाच दुकानाची सक्ती करायची नाही, हे शासनानं वेळोवेळी बजावलंच आहे. कागदाची ओळ जाहीर केलीत तर पालक कुठूनही तशी वही घेऊ शकतील. भावाचंही बोलतो. रिसायकल म्हणजे स्वस्त, असं दरवर्षी असत नाही. रद्दी महागली की तो कागदही महागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून वह्यांवरचा जीएसटी मात्र शून्य झालाय, तेवढी सवलत तुमच्या हिशोबात आहेच. पुठ्ठ्यावर आम्ही जो कर भरतो तो आता परत मिळत नाही, हे रडगाणं इथं नको.

आणि वाटपाच्या दिवशी पालकांना आधी सांगा. आमचा टेम्पो परत आला तो कागदामुळे आला असं मला वाटत नाही. रंग असा का, ठिपका कसला, हे वही हातात पडण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आला. सहावीच्या मुलांना एका बादलीत जुनी वही भिजवून, मिक्सरमधून काढून, पिठाच्या चाळणीवर पसरून कागद करायला लावा. पहिला ठिपका त्यांच्याच हातून पडेल, आणि घरी जाऊन आई-बाबांना काय सांगायचं ते मुलं सांगतील.

या पत्राच्या छापील प्रती ज्या शाळांना पोचतील, त्यांच्यासोबत मी आखलेली दोन कोरी पानं जोडतोय. एक रिसायकल, एक नाही. कुठलं कुठलं ते लिहिलेलं नाही. दोन्हींवर शाळेतल्याच पेनानं लिहा, मागची बाजू बघा आणि मग कोटेशन काढा. जूनच्या आत वह्या हव्या असतील तर कागद एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रूलिंगला पडायला हवा, त्यामुळे ओळ बदलायची असेल तर मार्चअखेरच्या सभेतच बदला. नंतर फोन केलात तर मी ९० ब्राइटनेसचाच कागद घेऊन बसलेला असेन.

आपला,
एक वहीवाला, पुणे